काटकसर कोणाच्या ताटातून?



आयदक्की मारय्या आणि शरणी लक्कम्मा या दांपत्याची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. कन्नड भाषेत 'अक्की' म्हणजे तांदूळ आणि 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते, आणि त्याच तांदळांतून जंगमांना प्रसाद घालणे हा उभयतांचा दासोह होता. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. लक्कम्मांच्या ते तत्काळ ध्यानात आले. गरजेहून अधिक घेणे हा लोभ आहे असे बजावून त्यांनी ते तांदूळ पतीला परत टाकून यावयास लावले.

या कथेवर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने केली. परंतु गेल्या वर्षी लामत्याच्या एका घरात याच कथेने उलट आम्हालाच प्रश्न विचारला. तो येथे मांडतो.

लामता हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले गाव. गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूर-जबलपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते लागते. पूर्वी येथून छोटी लाईन जात असे, आता मोठी झाली आहे. हा सारा मुलूख धानाचा. येथील सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. विदर्भातून येऊन दोन पिढ्यांपूर्वी येथे स्थायिक झालेल्या एका भक्ताने आम्हाला पाद्यपूजेसाठी बोलावले होते. बाजारात त्यांचे लहानसे किराणा दुकान आहे. पूजा यथासांग झाली. चाळीस पानांची पंगत उठली. पुरणपोळी होती, वाटीभर तूप होते, आणि भात चिन्नोरचा होता. आम्ही तृप्त होऊन आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातील दहावीत शिकणारी मुलगी एक वही घेऊन आली व म्हणाली, "महाराज, यात मला दोन शब्द लिहून द्या." कोरे पान शोधताना वहीच्या मागच्या बाजूची पाने उघडली. तेथे तिच्या आईच्या हातचा घरखर्चाचा हिशेब होता. दूध निम्मे. गॅस बंद, चूल सुरू. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड. मुलीची शिकवणी बंद. तांदूळ रेशनचा. आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'महाराजांचे येणे, ११,००० रुपये'. त्यापुढे बारीक अक्षरात, 'शेकडा ३ प्रमाणे'.

आम्ही त्या माउलीला विचारले, "माई, हे काय आहे?" ती मान खाली घालून म्हणाली, "घरचं आहे महाराज. तुम्ही वाचायला नको होतं."

हळूहळू उलगडा झाला. बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता चालू होताच. त्याखेरीज ओळखीच्या माणसाकडून उसने घेतले होते. आमच्या येण्याच्या खर्चासह ती रक्कम ४०,००० रुपयांवर गेली होती. व्याज महिन्याला शेकडा ३ रुपये, म्हणजे वर्षाला ३६ रुपये. आम्ही दक्षिणा परत देऊ केली, तेव्हा घरधन्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "महाराज, दक्षिणा परत घेतली तर चार माणसांत तोंड कसं दाखवू? आणि दासोहच बंद केला तर आमचं लिंगायतपण ते काय उरलं?"

त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. परतीच्या गाडीत बसल्यावर आम्ही हिशेब केला. ११,००० रुपयांचे व्याज महिन्याला ३३० रुपये. आमचे एक जेवण त्या घरात दरमहा ३३० रुपये खात बसले होते, आणि ते त्या मुलीच्या शिकवणीतून, आजीच्या गोळ्यांतून खात होते. कर्ज काढून स्वतः तूप पिण्याचा सल्ला देणाऱ्या चार्वाकाला आपण नास्तिक म्हणून हसतो. पण कर्ज काढून दुसऱ्याला तूप वाढणाऱ्याला आपण भक्त म्हणतो, आणि ते तूप खाणाऱ्याला गुरू म्हणतो. लक्कम्मांनी परत पाठविलेल्या तांदळांत आणि आम्ही जेवलेल्या चिन्नोरमध्ये फरक काय, या प्रश्नाने तो प्रवास संपेपर्यंत आमचा पिच्छा सोडला नाही.

आता विचार करू. घेतलेले ऋण फेडलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. महात्मा बसवेश्वर बिज्जळाच्या दरबारी भांडारी होते. राजाचे धन ते जंगमांवर उधळतात अशी चुगली झाली, तेव्हा भांडार मोजले गेले आणि हिशेब चोख निघाला, अशी कथा आहे. तिचा बोध सरळ आहे. दासोह कितीही थोर असला तरी तो दुसऱ्याच्या धनाने करावयाचा नसतो. उसने आणलेले धन दुसऱ्याचेच असते. म्हणून कर्ज डोक्यावर असताना कर्जफेड हेच त्या घराचे कायक होय. त्यासाठी खर्च कमी करावा लागला तर त्यात कमीपणा नाही.

प्रश्न पुढचा आहे. खर्च कमी करावयाचा तो कोणाच्या ताटातून?

घरात पैशाची ओढ लागली की प्रथम कोणाचे कमी होते ते पाहावे. सून शेवटी जेवते, तिच्या वाट्याचे दूध प्रथम आटते. म्हातारीची गोळी लांबते. मुलीची शिकवणी सुटते, मुलाची मात्र बहुधा चालू राहते. या तिघींनी तक्रार केलेली नसते, म्हणून आपण समजतो की काटकसर झाली. वास्तविक ती काटकसर नव्हे, ते दुसरे कर्ज होय. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडून ते काढलेले असते आणि त्याचा कागद कोठे झालेला नसतो. सावकाराचे ऋण फेडण्यासाठी आपण सुनेचे ऋण वाढवितो. स्वेच्छेने सोडले तर तो त्याग होतो. न विचारता दुसऱ्याचे काढून घेतले तर त्याला त्याग म्हणता येत नाही.

या बाबतीत संत गाडगेबाबांचे स्मरण होते. बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, परीट कुळातला. आपले शरण मडिवाळ माचय्या हेही परीटच. बाबांचे बालपण मामाच्या घरी दापुऱ्यास गेले. त्या मामाची जमीन सावकाराच्या कर्जात बुडालेली बाबांनी डोळ्यांनी पाहिली. म्हणूनच पुढे ते गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून सण आणि लग्न करू नका असे कळवळून सांगत राहिले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यांनी गोड जेवण दिले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. परंतु त्यांच्या उपदेशातला क्रम बारकाईने पाहावा. ताट नसले तर भाकरी हातावर घेऊन खा, लुगडे स्वस्तातले घ्या, पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असा तो क्रम होता. काय सोडावयाचे याच्या बरोबरीने काय सोडावयाचे नाही, हेही त्यांनी सांगितले. आपण पहिले अर्धे ऐकतो आणि दुसरे विसरतो.

दुसरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कर्जबाजारी माणूस दिसला की 'उधळपट्टी केली असेल' असे म्हणण्याची आपल्याला घाई असते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून उठाव सुरू झाला. पुणे व अहमदनगर भागांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. त्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. लग्नकार्यांवरील खर्चालाच कर्जाचे मुख्य कारण ठरविणे या आयोगास पटले नाही. पोटाला धान्य, बी-बियाणे, बैल, सरकारी सारा अशा वारंवार येणाऱ्या लहान लहान गरजांपायी कर्ज अधिक वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तेव्हा जेथे मिळकतच अपुरी आहे तेथे काटकसरीचा उपदेश करून मोकळे होणे हा उपदेशकाचा आळस होय. आम्हीही त्यातून सुटलेलो नाही.

म्हणून चार व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली, सर्वांत जड व्याजाचे कर्ज आधी फेडावे. त्या घरातील ४०,००० रुपयांवर महिन्याला १,२०० रुपये व्याजच होते. तेवढेच देत राहिल्यास मुद्दल जन्मभर हलणार नाही. दरमहा २,२०० दिले तर कर्ज सुमारे २७ महिन्यांत फिटते. ३,००० दिले तर १८ महिन्यांत फिटते. आठशे रुपयांच्या फरकाने नऊ महिने वाचतात आणि सहा हजारांहून अधिक व्याजही वाचते.

दुसरी, हे आठशे रुपये शोधताना वहीत न येणारा खर्चही वहीत आणावा. त्या माउलीच्या हिशेबात दुधाचा थेंब न् थेंब होता, परंतु घरधन्याचा खर्रा नव्हता. तो दुकानाच्या गल्ल्यातून परस्पर जात असे. दिवसाला दोन, म्हणजे चाळीस रुपये. महिन्याचे बाराशे. कर्त्या पुरुषाचा खर्च बहुधा असाच अदृश्य असतो.

तिसरी, औषध कमी करू नये, औषधाची किंमत कमी करावी. जनऔषधी केंद्रात बहुतेक नेहमीची औषधे स्वस्त मिळतात. वैद्याला विचारून ती घ्यावीत. मनाने गोळ्या लांबविणे हे पुढच्या मोठ्या कर्जाला आमंत्रण आहे.

चौथी, कर्जदारालाही काही हक्क आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला बँक किंवा वित्तसंस्था विनातारण सूक्ष्म कर्ज देते, तेव्हा त्या घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. असे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर फोन करता येत नाहीत, धाकदपटशाही चालत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरे लाजेपोटी एक हप्ता भरण्यास दुसरे कर्ज काढतात. लाज वाटून घ्यायची तर ती लपवाछपवीची. अडचण असल्याची लाज कशाला?

आता त्या भक्ताच्या प्रश्नाकडे येतो. दासोह बंद केला तर लिंगायतपण काय उरले? आमचे उत्तर असे की दासोह बंद करावयाचाच नाही, परंतु त्याचे माप बदलावयाचे. लक्कम्मांनी जास्तीचे तांदूळ परत पाठविले, तरी त्यांच्या दारचा दासोह थांबला नाही. नेहमीच्या ओंजळभर तांदळांतूनच त्यांनी असंख्य जंगमांना तृप्त केले, असे कथा सांगते. त्या दिवसाच्या श्रमातून त्या दिवशी जे घरात आले, त्यातला घास दुसऱ्याला देणे हा दासोह होय. तो एका पानाचाही असू शकतो. चाळीस पाने मांडण्यासाठी आजीची गोळी थांबली असेल, तर त्या पंगतीत शिवाला जेवायला बसवले असे आम्ही म्हणू शकत नाही.

आणि एक ध्यानात घ्या. तांदूळ अधिक आले हे लक्कम्मांनी ओळखले आणि त्या बोलल्या. मारय्यांनी ते ऐकले. ज्या घरात स्त्रीला हिशेब ठेवण्याचे काम आहे पण हिशेबावर बोलण्याचा अधिकार नाही, त्या घराने ही कथा ऐकलीच नाही. कल्याणच्या अनुभवमंटपात अक्कमहादेवींनी अल्लमप्रभूंच्या समोर बसून प्रश्नोत्तरे केली. आपल्या घरीही महिन्यातून एक सायंकाळ इष्टलिंगपूजेनंतर सर्वांनी एकत्र बसावे, वही मोठ्याने वाचावी, मुलांनाही ऐकू द्यावी. आणि एक नियम पाळावा. जो घरात सर्वांत मोठा, त्याने आपला खर्च सर्वांत आधी कमी करावा.

हा नियम प्रथम आम्हाला लागू होतो. म्हणून आम्ही ठरविले आहे की यापुढे कोणाही भक्ताच्या घरी गेलो तर त्या घरात रोज जे शिजते तेच घेऊ, आणि कर्ज असलेल्या घरची दक्षिणा स्वीकारणार नाही. भक्तांनी याचा अनादर मानू नये.

यंदा पुन्हा लामत्यास जाणे झाले. त्याच घरी रेशनच्या तांदळाचा भात, वरण आणि भाजी जेवलो. पंगत घरच्यांचीच होती. सूनबाईही त्याच पंगतीला बसल्या होत्या. कर्ज अजून फिटलेले नाही, परंतु शिकवणी पुन्हा सुरू झाली आहे. निघताना मुलीने वही दाखविली. हिशेबाच्या पानावर एक नवी ओळ होती. ती घरधन्याच्या स्वतःच्या अक्षरातली होती, 'खर्रा, एक'. दोनाचा आकडा खोडलेला होता.

मागच्या वर्षी लिहून द्यायचे राहिलेले दोन शब्द आम्ही त्या ओळीखालीच लिहून दिले.

शरणु शरणार्थी.