औषध की अमल?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. हैदराबादेत राहणाऱ्या आम्हां काही मराठी कुटुंबांची महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी प्रार्थनेची बैठक होते. त्या संध्याकाळी व्यसनमुक्तीचा विषय होता. शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांना तो कसा शिकवावा ह्याची चर्चा चालली असता, औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक तरुण शिक्षक उठला व म्हणाला, "काका, गांजा वाईट असे आपण मुलांना सांगतो. आपल्याच शहरातली कंपनी परदेशात गांजाचा धंदा विकत घेते, तेव्हा वर्तमानपत्रे तिला शाबासकी देतात. आणि माझा मामेभाऊ त्याच गांजापायी तुरुंगात आहे. मुलांना ह्यातले काय सांगू?"

आमच्यातील एकाने चटकन उत्तर दिले, "अरे, ते औषध आणि हा अमल." पण तो तरुण खाली बसेना. "झाड तर एकच ना?" तो म्हणाला. इतक्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला. आम्हांला मात्र घरी गेल्यावरही तो सोडीना, म्हणून हे चार शब्द.

प्रथम त्याने सांगितलेली गोष्ट आम्ही तपासून पाहिली. ती खरी आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनीतील निंबस हेल्थ ही कंपनी विकत घेतली. वैद्यकीय उपयोगाच्या गांजाचा घाऊक व्यापार हा तिचा परवानाधारक धंदा. जर्मनीत मार्च २०१७ पासून गंभीर आजाराच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजा मिळू लागला व काही अटींवर त्याचा खर्च आजारपणाचा विमाही देऊ लागला. तेव्हा ह्या व्यवहारात बेकायदा असे काहीच नाही, आणि त्या कंपनीला नावे ठेवण्याचा आमचा हेतूही नाही. हे शहर औषधांचेच आहे. बालानगरला आय. डी. पी. एल.चा सरकारी कारखाना उभा राहिला, तेथे नोकरी केलेल्या अंजी रेड्डींनी पुढे १९८४ मध्ये आपली कंपनी काढली, आणि अशा कारखान्यांवर आज आमच्यापैकी कित्येकांची चूल पेटते. त्या तरुणालाही उद्या तिथेच नोकरी शोधायची आहे. त्याचा प्रश्न बाहेरच्या माणसाचा नव्हता.

वाचकहो, हा वाद आमच्या लोकांना नवा नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन ह्या सभासदाने हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न विचारला. केनसाहेब मद्यपाननिषेधाच्या चळवळीतले, बाप्टिस्ट मंडळीतले. त्यावरून सरकारने एक कमिशन नेमले. त्याचे एक सभासद कपुरथळा घराण्यातील कंवर हरनामसिंग, म्हणजे राजकुमारी अमृत कौर ह्यांचे ख्रिस्ती झालेले वडील. हजारावर साक्षी झाल्या, त्यांत मिशनरीही होते. मुंबई इलाख्यातला गांजा पिकत असे तो बराचसा नगरकडे, आणि तेच नगर आमच्या मिशनचे माहेरघर. मिशनच्या शाळेकडे जाणाऱ्या कोणा पोराच्या वाटेत गांजाचे वावर पडतच नसेल असे म्हणवत नाही. कमिशनने १८९४ मध्ये निष्कर्ष काढला तो पुष्कळांना रुचला नसेल: अतिसेवन घातक खरे, परंतु बेताच्या सेवनाने बहुतेकांचे फारसे बिघडत नाही, सरसकट बंदी गरजेची नाही व इष्टही नाही, परवाने द्यावेत, कर बसवावा. हा कर सरकारच्याच तिजोरीत जात होता, हेही लक्षात ठेवलेले बरे.

औषध म्हणून त्याची चाचणी तर त्याही आधीची. कलकत्त्याचे डॉक्टर ओशॉनसी ह्यांनी १८३९ मध्ये गांजाच्या अर्काचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. धनुर्वात, संधिवात, पटकी अशा रोगांवर त्यांनी तो वापरून पाहिला. आणि आकडी येणाऱ्या एका तान्ह्या अर्भकालाही दिला. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

आज आपल्याकडे लागू आहे तो १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. त्यातली गांजाची व्याख्या मोठी नवलाची आहे. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. नुसते पान, शेंड्यावाचूनचे, म्हणजे गांजा नव्हे. ती भांग, आणि ती राज्याराज्यांच्या अबकारी कायद्याकडे सोपवलेली. म्हणून आयुर्वेदाच्या परवान्यावर 'विजया' ह्या नावाने पानांच्या अर्काच्या बाटल्या आज राजरोस विकल्या जातात, वैद्याच्या देखरेखीखाली घ्याव्यात अशी सूचना वर छापून. त्याच फांदीच्या टोकाचा फुलोरा वीस किलोहून अधिक सापडला, तर शिक्षा कमीत कमी दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. शिवाय वैद्यकीय व शास्त्रीय कामासाठी सरकार परवानगी देऊ शकते, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. परवानगीचा दरवाजा कायद्याने ठेवला आहे; पण तिथपर्यंत जायला वकील, प्रयोगशाळा आणि भांडवल लागते.

त्या तरुणाचा मामेभाऊ टेम्पो चालवीत असे. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांतून गांजा निघतो तो हैदराबादवरून महाराष्ट्राकडे जातो, हे येथील पोलिसांच्या रोजच्या बातम्यांवरून सर्वांना ठाऊक आहे. एका रात्री ह्याच्या गाडीत केळीच्या घडांखाली पोती सापडली. "मला भाडे मिळाले, मी माल पाहिला नाही," असे तो म्हणतो. खरे काय ते न्यायालय ठरवील. आम्ही त्याची वकिली करीत नाही. परंतु एरवी गुन्हा सिद्ध करणे हे सरकारचे काम असते. ह्या कायद्यात माल ताब्यात सापडला की आरोपीला ते माहीत होते असे धरून चालतात, आणि माहीत नव्हते हे त्यानेच सिद्ध करायचे. जामीनही सहसा मिळत नाही. डोंगरात तो पीक लावून घेणारा आणि पुण्यामुंबईत तो विकत घेणारा, दोघेही ह्या खटल्यात नाहीत.

मग त्या तरुणाचे म्हणणे खरेच का? पैसा असेल तर औषध, नसेल तर अमल, एवढाच काय तो फरक? आम्हांला हे अर्धेच खरे वाटते, आणि त्यातला खोटा अर्धा भाग मुलांना सांगण्यासारखा आहे.

ओशॉनसींच्या त्या आकडीच्या अर्भकाकडे पाहा. जवळजवळ एकशेऐंशी वर्षांनी, जून २०१८ मध्ये, अमेरिकेच्या सरकारने एपिडायोलेक्स ह्या औषधाला मान्यता दिली. ते ह्याच झाडापासून काढलेले, पण नशा न आणणारे द्रव्य; लहान मुलांच्या दोन अत्यंत दुर्घट प्रकारच्या आकडीवर ते तेव्हा मंजूर झाले. ते बनविणाऱ्या ब्रिटिश कंपनीला काय करावे लागले? काही मुलांना औषध आणि काही मुलांना औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य देऊन, कोणाला काय दिले हे डॉक्टरांपासूनही लपवून, आकड्यांची मोजदाद करावी लागली. वजनाप्रमाणे मात्रा ठरवावी लागली. यकृताला अपाय होऊ शकतो हे स्वतःच्याच औषधाच्या कागदावर छापावे लागले. उद्या एखाद्या मुलाला त्याने इजा झाली तर त्याच्या आईला दार ठोठावण्यासाठी एक पत्ता आहे. टेम्पोतल्या पोत्यावर पत्ता नसतो. त्यात काय मिसळले आहे हे ओढणाऱ्या पोराला कळत नाही, आणि त्याचे डोके फिरले तर जाब विचारायला कोणी सापडत नाही. हा फरक पैशाचा नव्हे. देणारा घेणाऱ्याला जाब देतो की नाही, ह्याचा तो आहे.

पण ह्याच औषधाची किंमत बाजारात आली तेव्हा वर्षाला सुमारे ३२,५०० डॉलर ठेवण्यात आली, आणि २०२१ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने सातशे कोटी डॉलरांहून अधिक देऊन घेतली. चाचण्यांचा खर्च मोठा असतो, हे मान्य. तरीही ज्या आईला ते परवडत नाही, तिला कोणी काय जाब द्यायचा? कागदावर यकृताचा अपाय छापतात, किमतीचा अपाय छापत नाहीत.

कारखान्यातून निघाले म्हणजे औषध, असेही नाही, आणि हे आम्हां हैदराबादकरांनी कोणाकडून शिकायला नको. अल्प्राझोलाम ही झोपेसाठी व घबराटीसाठी डॉक्टर देतात ती गोळी. तिची भुकटी चोरून बनवून तेलंगणात ताडीत मिसळतात, कारण झाडाची खरी ताडी थोडी आणि पिणारे फार. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांवाचून हे होत नाही. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन माणसे दगावली. बहुतेक मजुरी करणारी. झाड निर्दोष होते, विष प्रयोगशाळेतले होते.

दुसऱ्या टोकालाही एक चूक आहे, आणि ती बंदी मागणाऱ्या आमच्यासारख्यांनी विशेष पाहावी. अफूपासून होणारे मॉर्फिन कर्करोगाच्या वेदनेवर उत्तम औषध. अफू कायदेशीरपणे पिकविणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. असे असूनही १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांचा जाच एवढा वाढला की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि शेकडो गावांत माणसे ओरडत मेली. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तोवर जवळजवळ तीस वर्षे गेली होती. आमच्या बैठकीतल्या एका भगिनीचे यजमान रेड हिल्सच्या एम. एन. जे. ह्या सरकारी कर्करोग रुग्णालयात होते. तेथे मॉर्फिन मिळते. शेवटचा आठवडा ते शांत झोपले, मुलांशी बोलले. ही भगिनी त्या संध्याकाळी आमच्यातच बसली होती. "ते औषध आणि हा अमल" हे उत्तर ऐकून ती काही बोलली नाही, पण उठून जाताना तिने त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. हिमाचलसारखी राज्ये ह्या लागवडीचा विचार करीत आहेत. उद्या आपल्याकडेही परवाने निघतील असे दिसते. ते कोणाला मिळतील, डोंगरातल्या शेतकऱ्याला त्यात जागा असेल का, आणि आज तुरुंगात असलेल्या टेम्पोवाल्यांचे काय होईल, हे प्रश्न औषध कंपन्या विचारणार नाहीत. त्यांचे ते काम नव्हे. आम्ही न विचारले तर मात्र ते कोणीच विचारणार नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्या मामेभावाच्या वकिलासाठी वर्गणीचा विषय निघाला. दोघा वडीलधाऱ्यांनी साफ नकार दिला. गांजाच्या खटल्याला मंडळीच्या लोकांनी पैसा द्यावा हे मुलांना काय शिकवील, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. तासभर बोलणे झाले. शेवटी ज्याला द्यायचे त्याने आपल्या नावाने द्यावे, मंडळीच्या नावाने नको, असे ठरले. पुढच्या आठवड्यात कळले की त्या दोघांपैकी एकाने, कोणास न सांगता, पाकीट पोहोचते केले होते. जामिनाची तारीख पुन्हा पुढे गेली आहे.