उसने स्वर आणि त्यांची फेड

दुसऱ्याच्या कंठातून निघालेला स्वर घेऊन आपण चढाओढीस उतरावे काय, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीस पडला नसता. गीत एकदा ध्वनिमुद्रित झाले की त्यातील गायन, तंतुवाद्ये आणि ताल यांची गुंफण उकलणे सामान्य रसिकाच्या हाती नव्हते. आज ही अंगे संगणकावर सुटी मिळतात. आंतरजालावरील संगीतप्रेमी मंडळी ती परस्परांस देतात आणि त्यांपासून नवी रचना, म्हणजे रिमिक्स, कोण उत्तम करतो याच्या स्पर्धाही भरवितात. रिमिक्स हा शब्द ऐकताच आपल्याकडे जुन्या चित्रपटगीतावर चढविलेला कर्कश ठेका आठवून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु कोणत्याही कलेचे परीक्षण तिच्या हीन नमुन्यावरून करणे न्यायाचे नव्हे.

अशा मंडळींपैकी ‘सीसीमिक्स्टर’ ही ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या अमेरिकन संस्थेने २००४ साली सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘वायर्ड’ मासिकाने आपल्या अंकाबरोबर १६ गीतांची तबकडी दिली. तीत डेव्हिड बर्न यांचे गीत होते. तेव्हा ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री असलेले गायक जिल्बेर्तो जिल यांचेही होते. त्या गीतांतील अंश घेऊन नवे संगीत रचण्याची मुभा श्रोत्यांस होती आणि त्याची स्पर्धाही ठेवली होती. पुढे २००८ साली ‘रेडिओहेड’ या इंग्रज वाद्यवृंदाने ‘न्यूड’ या गीताची पाच अंगे सुटी करून विकली व लोकांकडून रिमिक्स मागविली. तेव्हा दोन हजारांहून अधिक रचना आल्या.

यावर पहिला आक्षेप असा की, भांडवलच जेथे उसने, तेथे यशाचे श्रेय कसले? आम्हांस हा आक्षेप टिकणारा वाटत नाही. आपल्या ख्यालगायनात बंदिश दोन-चार ओळींची असते आणि तीच शेकडो गायक गातात; तरीही कोणाचे गाणे कोणते, हे जाणत्यास क्षणात ओळखू येते. किंबहुना सर्वांच्या हाती एकच सामग्री दिली म्हणजेच प्रत्येकाचे स्वतःचे किती, हे स्पष्ट दिसते. कोणी त्या गायनाभोवती दाट वाद्यमेळ उभा करतो, कोणी सारे काढून टाकून एकटा आवाज ठेवतो. ही निवड मात्र उसनी आणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गायिकेने आपला आवाज सर्वांच्या उपयोगास दिला, एवढ्याने त्याचे वाटेल ते करण्याचा अधिकार येतो काय? परवान्याच्या भाषेत कदाचित येत असेल. परंतु कायद्याची अनुज्ञा निराळी आणि औचित्य निराळे. शोकाने भरलेले गायन केवळ बक्षिसाच्या आशेने थट्टेच्या ठेक्यावर बसविणारा कोणताही नियम मोडीत नाही. विश्वास मात्र मोडतो. देणाऱ्याने ज्या भावनेने दिले तीच घेणाऱ्याने राखावी, असा आमचा आग्रह नाही, कारण तसे केल्यास नवनिर्मितीच खुंटेल. भावना बदलावयाची तर ती संगीताच्या गरजेने बदलावी, टाळ्यांच्या गरजेने नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

आता स्पर्धेविषयी. चढाओढीत एक जिंकतो आणि बाकीच्यांचे श्रम वाया जातात, असा लौकिक समज आहे. येथे तसे होणे आवश्यक नाही. हरलेल्याने रचलेला ताल किंवा वाजविलेली धून खुली राहिली, तर तीच उद्या दुसऱ्या कोणाच्या रचनेचा पाया होते. सीसीमिक्स्टरवर प्रत्येक रचनेसोबत ती कोणाकोणाच्या अंशांतून घडली आणि तिच्यातून पुढे काय घडले, या दोहोंची नोंद असते. त्या वहीत पहिल्या क्रमांकापेक्षा ‘पुढे काय घडले’ हा रकाना आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. उलट, जी स्पर्धा आलेल्या सर्व रचनांचा हक्क आयोजकाकडे वळवून घेते, ती एकास पारितोषिक देऊन शेकडोंचे श्रम फुकट पदरात पाडून घेते. तिच्यात उतरण्यापूर्वी नियम वाचणे हे केवळ व्यवहारचातुर्य नव्हे, कर्तव्य आहे. कारण तेथे आपल्या श्रमांबरोबर दुसऱ्याने विश्वासाने दिलेले स्वरही आपण गहाण टाकीत असतो.

मनुष्य ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे आपल्या पूर्वजांनी म्हटले आहे. त्यांपैकी ऋषिऋण फिटते ते ऋषींस काही परत देऊन नव्हे, तर अध्ययन करून विद्या पुढे चालविल्याने. उसन्या स्वरांचे ऋणही याच जातीचे आहे. ज्याचा आवाज घेतला त्याचे नाव सांगावे, हा त्या फेडीचा पहिला हप्ता. आणि आपण रचलेले सुटे करून पुढच्यापुढे ठेवावे, हा दुसरा. हे दोन्ही जो करतो त्याने स्पर्धेत अवश्य उतरावे. घरातील तरुण मुलगा वा मुलगी अशा स्पर्धेत रात्री जागवीत असेल, तर वडील मंडळींनी क्रमांक कितवा आला हे विचारण्याआधी, कोणाचे घेतलेस आणि कोणासाठी ठेवलेस, हे विचारावे.