देहातील वडिलोपार्जित वतन

उत्पन्नकर्त्याने प्रत्येक देहात एक सूक्ष्म लेख ठेविला आहे. शास्त्रज्ञ त्यास डीएनए म्हणतात. तो समग्र वाचण्याचे काम १९९० साली सुरू होऊन २००३ साली बहुतेक पुरे झाले. त्या योजनेचा खर्च सुमारे ३०० कोटी डॉलर धरिला होता. आता एका मनुष्याचा लेख हजार डॉलरांच्या आत वाचिता येतो. रोगनिदानास यापासून साह्य होते, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो.

परंतु अमेरिकेतील ट्वेंटीथ्री अँड मी ही कंपनी लोकांची थुंकी घेऊन या लेखाचे काही अंश वाचून देत असे. मार्च २०२५ मध्ये तिचे दिवाळे निघाले, आणि सुमारे दीड कोटी लोकांची माहिती तिच्या मालमत्तेबरोबर विक्रीस आली.

देणाऱ्यांनी संमती दिली होती, असे कोणी म्हणेल. पण हा लेख एकट्याचा आहे काय? आईबापांपासून आलेला त्याचा सुमारे अर्धा भाग सख्ख्या भावंडांत सारखाच असतो. नाबोथाने आपला द्राक्षमळा अहाब राजासही दिला नाही, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. आजाऱ्याने डॉक्टरास हा लेख दाखवू नये, असे आमचे म्हणणे नाही. तथापि, प्रिय वाचकहो, सामाईक शेत विकताना आपण भावांची सही घेतो. मग देहाचे वतन परक्याच्या हाती देण्यापूर्वी त्यांस विचारणे, हे प्रीतीचे कर्तव्य नव्हे काय?