चिठ्ठीत आलेले गाव

चिठ्ठी टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा कुठला तुकडा कोणाला हे पुष्कळदा चिठ्ठीवर सोपवतात. भिशीचा नंबर चिठ्ठीने निघतो. देवळात कौल लावतात, तोही वरवर पाहता असाच प्रकार. पण कौल लावणारा देवाचे मन विचारत असतो. चिठ्ठी टाकणारा कोणाचेच मन विचारत नाही. किंबहुना कोणाच्या मनाचा त्यात शिरकाव होऊ नये, एवढ्याचसाठी तो चिठ्ठी टाकतो. तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखात गावसभेच्या समित्या निवडण्याची पद्धत कोरलेली आहे. नावे लिहिलेली ताडपत्रे घड्यात टाकायची आणि लहान मुलाकरवी उचलायची. अजाण हाताला पक्षपात ठाऊक नसतो, हा त्यामागचा विचार.

चिठ्ठीने अन्याय टळतो, हे मान्य. पण जे कोणीच निवडलेले नाही, केवळ योगायोगाने आपल्या वाट्याला आले, त्याच्याशी आपले काही नाते असते काय? त्याचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका खेळामुळे. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २००८ साली तो एका चित्रमालिकेतून मांडला. पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांच्या रेषांनी एकेका अंशाचे चौकोन पडतात. दिवसाची तारीख आणि अमेरिकेतील डाऊ जोन्स या शेअर निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा एकत्र करून संगणकाच्या एका ठरावीक गणितात घालायचा. त्यातून जे अपूर्णांक निघतील, ते प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचा एक बिंदू दाखवतात. आपल्याकडे आदल्या दिवसाचा आकडा धरतात. मग ज्याला हौस असेल त्याने त्या बिंदूवर जाऊन यायचे. तिथे देऊळ नसते, किल्ला नसतो, पाहुणे नसतात. बिंदू तलावात पडेल, नाही तर कोणाच्या परसातही पडेल. परवानगीवाचून कोणाच्या जागेत शिरायचे नाही, हा खेळणाऱ्यांचा संकेत.

आपल्या भागाचे चौकोन पाहण्याजोगे आहेत. १६ अंश उत्तरेची रेषा काकतीच्या पुढे आणि संकेश्वरच्या अलीकडे महामार्ग ओलांडते. तिच्या दक्षिणेच्या चौकोनात बेळगाव, खानापूर, कित्तूर आणि बैलहोंगल यांच्या जोडीला महाराष्ट्रातले चंदगड आणि गोव्यातले वाळपईही येते. उत्तरेच्या चौकोनात निपाणी, चिकोडी, गोकाक, आणि त्यांच्याच शेजारी कागल, गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरज. दोन्ही चौकोनांचा पश्चिमेकडचा सामाईक कोपरा पावसाच्या माहेरघरी, आंबोलीजवळ, पडतो. एकेक चौकोन सुमारे ११० किलोमीटर लांब आणि १०७ किलोमीटर रुंद. या रेषांना ना कानडी येते, ना मराठी, ना कोकणी.

एका आषाढात, रविवारच्या सुट्टीत, दोन माजी विद्यार्थ्यांबरोबर मी अशा एका बिंदूच्या शोधात निघालो. बिंदू खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पश्चिमेस पडला होता. त्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. मोटारसायकली रस्त्यावर ठेवून आम्ही बांधाबांधाने चालू लागलो. शिवारात रोपलावण चालू होती. मोबाईलवर चारशे मीटर अंतर उरले असताना ओढा आडवा आला. पाणी गढूळ, वेगाचे, आणि पलीकडे जायला साकव नाही. इरले घेतलेल्या एका वयस्कर बाईंनी हाक मारली, “काय हुडकायलाय?”

आमच्यातल्या एकाने सांगितले, “काही नाही, मावशी.”

“काही नाही हुडकायला एवढ्या पावसात आलासा?” असे म्हणून त्यांनी ओढ्याकडे बोट दाखवले. “आज कुणी जात नाही पल्याड. फिरा माघारी.”

आम्ही फिरलो. त्यांनी घरी नेऊन चहा दिला. त्यांची सून बैलहोंगलकडची. सासू तिला मराठीत सांगे, ती कानडीत उत्तर देई, आणि दोघींपैकी एकीलाही त्यात काही विशेष वाटत नव्हते. परतताना धाकट्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग आपण पोचलो म्हणायचं की नाही?”

प्रश्न साधा नाही. आपल्या परंपरेत संकल्पाला मोठे स्थान आहे. उचललेले पाऊल मागे घेऊ नये, हे आपण मुलांना शिकवतो. उन्हापावसात पंढरीची वाट चालणारा वारकरी आपल्याला थोर वाटतो. भारताच्या भूमापनाचा प्रचंड उद्योग १८०२ साली मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्टन रानावनांतून वीस वर्षे मोजणी करीत राहिला आणि १८२३ साली, तेच काम चालू असताना, आपल्या हिंगणघाटला मरण पावला. मग चारशे मीटरांसाठी माघार घेणे हा दुबळेपणा नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. वारकऱ्याच्या चालण्यामागे भक्ती आहे, लॅम्टनच्या मोजणीमागे कंपनी सरकारची गरज होती. आमच्या बिंदूला आमची गरज नव्हती आणि आम्हांला त्याची नव्हती. तिथे संकल्पाला धरून ठेवणारे होते ते फक्त आमचे ‘आम्ही ठरवले आहे’ हे शब्द. संकल्प आणि हट्ट यांच्यातला फरक त्यांच्या जोरात सापडत नाही, कारण दोन्ही सारखेच जोरकस असतात. त्याची किंमत कोण देणार, असे विचारले की तो सापडतो. आमच्यापैकी एकजण वाहून जाता, तर लावणी टाकून दोर घेऊन धावावे लागले असते ते त्या शिवारातल्या माणसांना. ज्यांना आमचा खेळ ठाऊकही नव्हता, त्यांच्या जिवावर तो खेळण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? स्वतःसाठी केलेला संकल्प दुसऱ्याच्या अंगावर पडू लागला, की तो सोडणे हेच कर्तव्य ठरते.

आणि बिंदूशी नाते? ते पोचण्याने जडत नाही. चिठ्ठीने आम्हांला त्या शिवारापर्यंत नेले, एवढेच तिचे काम. पुढे हाक मारणे, ऐकणे, चहा घेणे हे माणसांनी केले.

सीमाभागात राहणाऱ्यांना हे सहज पटावे. कोणी निपाणीत जन्मतो, कोणी कागलात. कोणाची पहिली हाक ‘आई’ असते, कोणाची ‘अव्वा’. जन्म ही अशी एक चिठ्ठी आहे, जी आपण उचललेली नाही. ‘वेणीसंहार’ नाटकातला कर्ण कुळ आणि पुरुषार्थ यांची वाटणी करतो ती याच जाणिवेने.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या ज्या सीमा ठरल्या, त्यांना चिठ्ठी म्हणता येणार नाही. त्या माणसांनी ठरवल्या. म्हणूनच १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, म्हणूनच २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. चिठ्ठीला जाब विचारता येत नाही, निर्णयाला विचारता येतो, विचारलाही पाहिजे. अन्याय वाटणाऱ्या निर्णयाला ‘नशीब’ म्हणून गप्प बसणे ही सहनशीलता नव्हे.

पण आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी? त्याने तो निर्णय घेतलेला नाही. तोही चिठ्ठीनेच आपल्या वाट्याला आला आहे, जसे आपण त्याच्या. निर्णयाचा राग शेजाऱ्यावर काढणे म्हणजे वाटणी मनाजोगी झाली नाही म्हणून बांधापलीकडच्या शेतकऱ्याशी भांडणे. न्यायाचा आग्रह जिथे धरायचा तिथे धरावा, आणि शेजारधर्म जिथे पाळायचा तिथे पाळावा. एकामुळे दुसरा उणा होत नाही. जांबोटीकडच्या त्या घरात सासूला मराठी सोडावी लागली नव्हती, आणि सुनेला कानडी.

यंदा सुट्टीत घरातल्या मुलांना नकाशा उघडून आपला चौकोन जरूर दाखवा. एखादा बिंदू काढा आणि त्या गावाला जाऊन या. पावसाळा सरला आहे, ओढ्यांना पाणी बेताचे आहे. बिंदू कोणाच्या अंगणात पडला असेल, तर आधी हाक मारा. हाक कोणत्या भाषेत मारावी, हे त्या अंगणातून ऐकू येणाऱ्या बोलण्यावरून ठरवा.