सोंगाचे पथ्य

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण सहज बोलून जातो. ही म्हण ज्याला प्रथम सुचली त्याला बाकीची सोंगे फार सोपी वाटली असावीत. मलाही ती तशीच वाटत. गेल्या नाताळच्या सुट्टीपासून मात्र तशी खात्री राहिली नाही.

त्या सुट्टीत आम्ही घरची नऊ माणसे रामोजी फिल्मसिटी पाहायला गेलो. नंदुरबारहून भुसावळ, तेथून मनमाड, अशा गाड्या बदलत हैदराबाद गाठले. निमित्त मुलांचे होते. खरे कारण माय. थोरले बंधू नाना आणि मी सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. तापीकाठच्या शेताची वाटणी झाली तेव्हा सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जे शब्द तोंडून गेले, ते परत घेणे दोघांनाही जमले नव्हते. मायला आता ऐंशीवे लागले आहे. तिच्यासमोर चार दिवस तरी नीट वागा, असे दोघांच्या बायकांनी बजावले होते, आणि आम्ही वागलो. नानांनी मला खिडकीची जागा दिली. मी त्यांची पिशवी उचलली. माय सारे पाहत होती.

रामोजी राव यांनी १९९६ साली उभारलेली ही नगरी १,६०० एकरांहून अधिक जागेवर पसरली आहे. जगातले सर्वांत मोठे चित्रपटनिर्मिती संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. लाल बसमधून आपल्याला हिंडवतात. गाडी कधीच न येणारे रेल्वे स्टेशन दाखवतात, विमान न उडणारा विमानतळ दाखवतात. ‘बाहुबली’साठी उभारलेली माहिष्मतीही अजून राखून ठेवली आहे. विशेष हे की, यातले काहीही खरे नाही हे वाटाड्या स्वतःच हौसेने सांगतो.

एका देवळाच्या देखाव्यासमोर मायने चपला काढल्या आणि हात जोडले. नातू हसू लागला. “आजी, आत देव नाही. मागे नुसते बांबू आहेत!”

“नसू दे,” ती म्हणाली. “हात तर माझे खरे आहेत ना?”

दुपारी चित्रपट कसा बनतो ते दाखवणारा एक खेळ पाहिला. ‘शोले’तल्या टांग्याच्या प्रसंगासाठी प्रेक्षकांतून मुलगी निवडतात; नानांची धाकटी निवडली गेली. टांगा जागचा हलत नाही, घोडा तर नाहीच. ती हवेत चाबूक उडवत होती. मग टापांचा आवाज काढायला माणसे बोलावली, आणि मुलांनी नानांना व मला पुढे ढकलले. दोघांनी मिळून एकच ताल धरायचा होता. तो चुकू नये म्हणून सहा वर्षांत प्रथमच आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे सरळ पाहिले. शेवटी सगळे जोडून पडद्यावर दाखवले, तेव्हा टांगा भरधाव धावत होता. आपण आत्ताच डोळ्यांदेखत काय केले हे ठाऊक असूनही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

तेथे कोणी कोणाला फसवले नाही. समोरच्याला ठाऊक नसते तेव्हाच सोंग खोटे ठरते, असा नियम मला त्या क्षणी सुचला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची ती कथा. आणि त्यातली तारामती होते अण्णा साळुंके, एक पुरुष! सत्याची गोष्ट सोंगाने सांगितली म्हणून तिला कोणी असत्य म्हटले नाही. पण हाच नियम आम्हा भावांना लावला तर? आम्ही मायला कुठे सांगितले होते? म्हणजे स्टुडिओतला टांगा प्रामाणिक आणि आम्ही लबाड.

परतीच्या गाडीत सगळे झोपल्यावर माय हळूच म्हणाली, “माझ्यासाठी सोंग करता दोघं, ते कळतं मला. पण करा. अजून थोडे दिवस करा.”

लबाडीच्या आरोपातून अशी सुटका झाली खरी. पण मन हलके होण्याऐवजी जडच झाले. तिला कळले होते आणि तरीही तिला ते हवे होते.

तेव्हा मला आमच्या सातपुड्यातली काठीची होळी आठवली. अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या गावी होळीला आदिवासी पुरुष बावा-बुध्याचे रूप घेतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगावर रंगाचे ठिपके. पाहुणे त्यांचे फोटो काढून परततात. पण ज्याला हे रूप घ्यायचे तो आधी काही दिवस व्रत पाळतो, खाटेवर निजत नाही, संसारसुखापासून दूर राहतो. त्याचे रूप सर्वांना ठाऊक असते. म्हणून ते स्वस्त ठरत नाही. समोरच्याला ठाऊक असणे एवढीच कसोटी धरली तर टांगा आणि बावा एकाच पंक्तीत बसतील, आणि तसे बसवायला माझे मन तयार होत नाही. सोंगाने घेणाऱ्याकडून काही मागितले का, आणि त्याने ते दिले का, हेही विचारावे लागते.

कोणी म्हणेल, मते मागायला दारी येणाराही गोड वागण्याचे कष्ट घेतो. घेतो खरा, पण त्याचे कष्ट मतदानाच्या दिवशी संपतात. सोंग अडचणीचे होऊ लागते तेव्हा आपण ते उतरवून ठेवतो की नाही, येथेच त्याची पारख होते. आमचे सोंग तर अजून कुठेच अडचणीचे झाले नव्हते. खिडकीची जागा आणि हातातली पिशवी यांची किंमत ती काय?

ती वेळ आठ दिवसांत आली. दोघांचाही गहू पाण्यावर आला होता. वीज रात्रीची, पाळी माझी. नानांच्या मोटारीत बिघाड होऊन त्यांची आधीची पाळी वाया गेली होती. हे मला गड्याकडून कळले, त्यांच्याकडून नाही. खोटे कशाला सांगू? मला त्यांची कणव आली नाही. मनात सहा वर्षांपूर्वीचेच शब्द होते, एकही बोथट झालेला नव्हता. तरी मी फोन केला आणि म्हटले, “नाना, आजची पाळी तुम्ही घ्या.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते “बरं” म्हणाले.

ते अंतःकरणातून म्हणाले की मायसाठी, मला ठाऊक नाही. मीही कशातून बोललो ते नीटसे सांगता येणार नाही. पहाटे शेतात गेलो, तेव्हा त्यांचे वाफे भरले होते आणि पाणी बांधाच्या या बाजूला, माझ्या गव्हात वळवलेले होते.