उत्तरार्धाचा गल्ला

चित्रपटाच्या व्यवहारात मोल आधी मोजावे लागते, माल नंतर हाती येतो. म्हणून उत्तरार्धाच्या पहिल्या दिवसाच्या गल्ल्यावरून त्याची गुणवत्ता ठरविणे मला न्याय्य वाटत नाही. तो कौल पूर्वार्धाला असतो.

एस. एस. राजामौली यांचा ‘बाहुबली : द बिगिनिंग’ १० जुलै २०१५ रोजी आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न मागे ठेवून संपला. उत्तर मिळाले २८ एप्रिल २०१७ रोजी. जगभरात १००० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला. (अशा ढोबळ आकड्यांत करही धरलेला असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.)

अर्धी कथा विकून प्रेक्षकांना पावणेदोन वर्षे ताटकळत ठेवणे ही फसवणूक नव्हे काय? मी तिला उसनवारी म्हणेन. उसनवारी निंद्य नसते. फेडीचे नाणे खरे असावे लागते. कटप्पाच्या कृत्यामागे शिवगामीची आज्ञा आणि सिंहासनाशी बांधलेली निष्ठा निघाली. विवेक मोठा की आज्ञा, हा पेच खराच आहे. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्यांना तो अधिकच कळावा.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन्ही भाग जोडून ‘बाहुबली : द एपिक’ प्रदर्शित झाला. तोवर उत्तर सर्वांना ठाऊक होते. तरीही लोकांनी तिकिटे काढली.