शेजारच्या पॅरिशमध्यें आपण कोण?

पेण व रोहें या बाजूस कामधंद्यासाठीं राहणाऱ्या कित्येक कुटुंबांस आपल्या पंथाची उपासना जवळ मिळत नाहीं. त्यांनीं कॅथलिक पॅरिशच्या कार्यांत भाग घ्यावा काय? कोणी म्हणतात, "सर्व एकच." कोणी म्हणतात, "त्या दारांत पाऊलहि नको." दोन्ही उत्तरें सोपीं, म्हणूनच अपुरीं आहेत.

याच जिल्ह्यांतील कोरलईचा किल्ला १७४० सालीं पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेला. तरी तेथील कॅथलिक गांवकऱ्यांनीं आपली प्रार्थना व क्रिस्ती बोली टिकविली. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. तो ठेवा आपणहि आपलाच मानतों. १९६४ सालीं व्हॅटिकन परिषदेनें इतर पंथीयांस बंधु म्हटलें. मग आपण त्यांस परके कसें म्हणावें?

परंतु बंधुत्व म्हणजे एकमत नव्हे. मिस्सामध्यें ख्रिस्तशरीर सामान्यतः कॅथलिकांसच देतात; तें घेणें म्हणजे त्यांच्या सर्व श्रद्धेस आमेन म्हणणें होय. जें अंतःकरणांत नाहीं, तें ओठांवर आणूं नये.

यास्तव प्रथम फादरांस भेटून आपण कोण तें सरळ सांगावें. मग रुग्णसेवा, मयताला खांदा, गरिबांस धान्य, या कामीं मागें राहूं नये. शेजाऱ्याच्या शेतांत लावणीस गेल्यानें सातबारा बदलत नाहीं. पण न गेल्यास शेजार मात्र जातो.